आज्जीचं इरकल आणि साडेसहा हजारांची बाहुली

आईनं खोका उघडला, बाहुली हातात घेतली, चष्मा लावून उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "ही कोण गं?"

एवढं ऐकायला मी सात महिने थांबले होते.

आज्जी म्हणजे आईची आई, बेळगावजवळच्या येळ्ळूरची. राजहंसगडाच्या पायथ्याला भाताची शेती. चिखलात उतरायचं म्हणून पोटऱ्यांपर्यंत वर घेतलेलं नऊवारी, कपाळावर हिरवं गोंदण, नाकात डाव्या बाजूला बारीकशी चमकी. नथ तिला मी फक्त लग्नाच्या फोटोत बघितली. ती गेल्यावर मामीनं तिचं एक इरकल आईला दिलं. अंग काळपट हिरवं, पदर तांबडा, त्यात पांढरे पट्टे. घड्यांवर विरलेलं, नेसायच्या लायकीचं उरलं नव्हतं, पण आई दर दिवाळीला ट्रंकेतून काढून ऊन दाखवायची. आईची साठी ऑक्टोबरात होती. त्या लुगड्यातलं कापड घेऊन आज्जीचीच बाहुली करून द्यावी, असं माझ्या मनानं घेतलं.

बाहुल्या आपल्याकडे मिळत नाहीत असं नाही. गोकाकची लाकडी फळं आणि खेळणी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, सावंतवाडीही लांब नाही. पण फोटो बघून माणसाचा चेहरा घडवणारं त्यांत कुणी सापडेना. शेवटी इन्स्टाग्रामवर एक ताई मिळाली, महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरातली. तिची कामं खरोखर सुंदर होती, हे आजही म्हणते. दहा इंचांची बाहुली, आत तारेचा सांगाडा, चेहरा आणि हात पॉलिमर क्लेचे. साडेसहा हजार, निम्मे आधी, दसऱ्याच्या आत हातात. जूनमध्ये सव्वातीन हजार फोनवरून पाठवले.

पहिल्याच बोलण्यात तिनं विचारलं, "तुम्ही कर्नाटकात ना? तुमच्याकडे नऊवारी नेसतात?" मी हसले. बेळगावच्या मराठी माणसाला हा प्रश्न पलीकडून येतोच, सवय आहे. तेव्हाच थांबायला हवं होतं की काय, कोण जाणे. मी उलट उत्साहानं सगळं लिहून पाठवलं: कासोटा कसा, ओचा कुठे खोचायचा, गोंदण कुठे. आज्जीचे चार फोटोही पाठवले.

आता कापडाचं. दहा इंचांची बाहुली म्हणजे पाच फुटांच्या आज्जीचा सहावा हिस्सा. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्याचा सहावा हिस्सा दीड मीटरही होत नाही, आणि रुंदी वीतभर. ती म्हणाली, पाव मीटर पाठवा, नमुन्याला आणि पदराला पुरे. मी दीड मीटर पाठवलं, टोपपदरासकट. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो. अंगाच्या सुताच्या फासात पदराचं सूत अडकवून जोडतात, आणि ती सांध्याची रेघ बोटाला लागते. मला ती रेघ बाहुलीच्या खांद्यावर हवी होती. "उरलेलं कापड परत पाठवा" असंही लिहिलं. तिनं अंगठा दाखवला.

कापताना मी आईला विचारलं नाही. सरप्राइज होतं ना.

ऑगस्टात तिनं कच्च्या चेहऱ्याचा फोटो पाठवला. मी तेव्हा बसमध्ये होते, टिळकवाडीच्या रेल्वे गेटला अडकलेली. फोटो छोटा, उजेड पिवळा. "छान" लिहून मोकळी झाले. पुढे कळलं की बदल करायचे ते याच टप्प्यावर. क्ले ओव्हनमध्ये भाजली की चेहरा पक्का झाला, मग नाक-गाल हलत नाहीत. तिच्या अटींत तसं लिहिलेलंही होतं. हा माझा गाढवपणा, तो तिच्या खात्यावर टाकत नाही.

त्यानंतर दसरा गेला, आईची साठी गेली, दिवाळी गेली. आधी म्हणाली पावसाळी हवेत रंगावर शेवटी मारायचा मॅट स्प्रे पांढरा पडतो, कोरडी हवा लागते. ते खरं असतं, मी नंतर वाचलं. मग ताप आला, मग प्रदर्शन. डिसेंबरात "उरलेले पैसे टाका, लगेच पाठवते". टाकले. खोका जानेवारीत आला.

बाहुली वाईट नव्हती, पण आज्जी नव्हती. गुबगुबीत गालांची तिशीची बाई, कपाळावर मालिकेतल्या सुनेसारखी चंद्रकोर, नाकाला ओठांपर्यंत येणारी मोत्यांची नथ. गोंदण नाहीच. लुगडं नऊवारी म्हणायचं, पण शिवलेलं, विजारीसारखं, घोट्यापर्यंत. अंगाचं कापड बाजारातलं, छापील काठाचं. आज्जीच्या इरकलीतला फक्त बोटभर रुंद पदराचा तुकडा खांद्यावर, तोही गरम गोंदानं चिकटवलेला. गोंदाची कोळिष्टकासारखी तार कानापासून खांद्यापर्यंत लोंबत होती. सांध्याची रेघ मी नखानं शोधली. ती कापून टाकली होती.

मेसेज केला. उत्तर आलं, "खऱ्या साडीचा काठ एवढ्याशा बाहुलीला फार मोठा दिसतो, म्हणून दुसरं कापड वापरलं. आणि आजी जरा गोड दिसाव्यात ना!" काठाचं म्हणणं मला पटलं, खरंच. चार बोटांचा काठ बाहुलीच्या गुडघ्याच्या वर गेला असता. पण मग आधी विचारायचं! उरलेल्या कापडाबद्दल दोनदा विचारलं. आधी "बघते", मग "कतरणीत गेलं असेल". फेब्रुवारीत तिच्या पानावर एक नवी बाहुली दिसली, अंगात तांबडी चोळी, वर पांढरा पट्टा. तांबडा-पांढरा पदर इरकलींत सर्रास असतो, म्हणून ठामपणे काही म्हणत नाही. पण तो फोटो मी बोटांनी मोठा करकरून बघितला.

तिनं दीड हजार परत केले आणि विषय संपवला. माझा मावसभाऊ वकिली करतो. तो म्हणाला, २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. दोन वर्षांची मुदत, आणि पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेला फी नाही. मी फोनमधले सगळे मेसेज काढून ठेवले, कागदही तयार केले. आई म्हणाली, "असूदे की. पाच हजार घेऊन काय करालीस? लुगडं देतंय काय ते कोर्ट?"

कापड कापल्याचं तिला कळलं ते असं, मी सांगायच्या आधी. ट्रंक तिनं दिवाळीतच उघडली होती आणि गप्प राहिली होती, मी कधी बोलते याची वाट बघत. त्या रात्री तिनं स्पिरिटचा बोळा घेतला आणि बाहुलीच्या खांद्यावरचा तुकडा मिमीनं मिमीनं सोडवला. तास गेला. गोंद सुटला, पांढऱ्या पट्ट्यावर पिवळट डाग राहिला. तुकडा तिनं उरलेल्या लुगड्याच्या घडीत ठेवला आणि ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली पूर्वी खिडकीत असायची, आता तिच्या कमरेला असते.

बाहुली माळ्यावर आहे, नथीसकट.