एल्बेच्या काठी, बोटींच्या वाटेवर

जर्मनीतल्या एल्बे नदीवर जहाजं बघायला निघायचं तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. नदीवरचं हॅम्बुर्ग बंदर उत्तर समुद्रापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत आहे, तरी इथल्या धक्क्यांवर पाणी दिवसातून दोनदा साडेतीन मीटरहून अधिक चढतं आणि तेवढंच उतरतं. भरती साधारण पाच तास चालते, ओहोटी सातहून जास्त. माझं आजोळ दाभोळच्या खाडीवरचं, त्यामुळे हे गणित मला नवं नव्हतं. आमच्याकडे भरती बघून होड्या काढतात, इथे भरती बघून चारशे मीटर लांबीच्या, वीस हजारांवर कंटेनर मावणाऱ्या बोटी काढतात.

समुद्राकडून येणारं जहाज भरतीच्या लाटेबरोबरच वर सरकतं, त्यामुळे वाटभर त्याला पाणी पुरतं. खरी कसोटी बाहेर पडणाऱ्याची. त्याला भरतीच्या उलट दिशेने जायचं असतं, म्हणजे वाटेत कुठेतरी ओहोटीचं पाणी गाठणारच. भरलेल्या बोटीला निघायला थोडाच वेळ मिळतो. तो चुकला की पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे बारा तास, धक्क्यालाच.

हॅम्बुर्गहून एस १ ही लोकल पकडून मी शेवटच्या स्टेशनावर, वेडेलला उतरले. तिथून नदीकडे चालत गेलं की शुलाऊचा धक्का लागतो. १९५२ पासून इथे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना मान देण्याची पद्धत आहे. या जागेला विलकोम-ह्योफ्ट म्हणतात. जहाज समोर आलं की खांबावरचा हॅम्बुर्गचा बावटा खाली उतरवून पुन्हा चढवतात, कर्ण्यावरून स्वागताचे शब्द येतात आणि त्या जहाजावर ज्या देशाचं निशाण असेल त्याचं राष्ट्रगीत वाजतं. जाणाऱ्या बोटीसाठी ‘प्रवास सुखाचा होवो’ अशा अर्थाची निशाणं चढतात. दीडशेच्या आसपास देशांची राष्ट्रगीतं त्यांच्याकडे तयार असतात. हे काम करणाऱ्याला स्वागत-कॅप्टन म्हणतात. जहाजाची लांबी, वजन, कधी बांधलं, कुठून आलं, हे सगळं तो काठावरच्या लोकांना वाचून दाखवतो. कॉफीचे कप हातात धरून बसलेली म्हातारी जोडपी मन लावून ऐकतात.

मी पोचले तेव्हा समोर नुसती नदी होती आणि पलीकडे झाडीने भरलेली बेटं. मग त्या झाडांच्या शेंड्यांवरून रंगीत पेट्यांची एक भिंत सरकत यायला लागली. बोट अजून वळणामागेच होती, दिसत होते फक्त वरचे कंटेनर. ती पूर्ण समोर आली तेव्हा नदीचा पलीकडचा काठ दिसेनासा झाला. आवाज मात्र अगदी कमी. इंजिनाची घरघर कानांपेक्षा आधी पायाखालच्या फळ्यांना जाणवली.

मागच्या बाजूला बंदराचं नाव होतं मोनरोव्हिया. म्हणून लायबेरियाचं राष्ट्रगीत लागलं. जगातल्या किती तरी बोटी लायबेरिया, पनामा, मार्शल बेटं अशा देशांत नोंदवलेल्या असतात, मालक कुठलाही असो. आतली माणसं तर बहुधा फिलिपाइन्सची, भारताची, युक्रेनची. त्या बोटीवर लायबेरियाचा एक तरी माणूस होता का, कोण जाणे. तरी गीत वाजत असताना वरच्या कठड्याशी नारिंगी बॉयलर सूट घातलेला एकजण येऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. काठावरच्या आम्ही सगळ्यांनी हात हलवले. मला भरून आलं. आमच्या आजोळच्या गावात दर चार घरांआड कुणीतरी ‘बोटीवर’ असतो. त्याचे पैसे, त्याची सुट्टी, त्याने आणलेला टेपरेकॉर्डर, सगळं गावाला ठाऊक असतं. तो ज्या बंदरात शिरतो तिथे त्याच्याकडे बघून कुणी हात हलवतं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

जेवण झाल्यावर नदीकाठच्या पायवाटेने ब्लांकेनेझेकडे, हॅम्बुर्गच्या उपनगराकडे, चालत निघाले. वाटेत विटेनबेर्गेनचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लोखंडी दीपस्तंभ आहे, १९०० सालचा. खाली वाळूची पुळण. तिथे एक गोष्ट बघायला मिळाली ती मी अजून विसरलेले नाही. मोठी बोट जवळ यायला लागली तसं काठाचं पाणी मागे हटलं. हाताच्या अंतरावरची ओली वाळू, शेवाळलेले दगड, एक फुटकी बाटली, सगळं उघडं पडलं. बोट समोरून गेली, आणि मग ते पाणी एकदम परत आलं, गुडघाभर. एवढ्या प्रचंड बोटीला पुढे जायला जागा हवी, ती बाजूचं पाणी ओढून घेते. किनाऱ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या आहेत त्या याचसाठी. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्या जरूर वाचाव्यात.

वेडेल ते ब्लांकेनेझेच्या दरम्यान बोटींचा मार्ग ३८५ मीटर रुंद करून घेतला आहे, दोन रुंद बोटी एकमेकींना ओलांडू शकाव्यात म्हणून. नदी खोल करण्याचं कामही त्याच योजनेतलं. त्यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. एल्बेच्या भरतीच्या पट्ट्याखेरीज जगात कुठेच न उगवणारी एक पाणवनस्पती त्या खटल्यात मोठा मुद्दा होती. २०२२च्या सुरुवातीला नवी खोली खुली झाली आणि त्याच वर्षी गाळामुळे ती पूर्ण राखता येईना, म्हणून पुन्हा कमी करावी लागली. मला यात पर्यावरणवाल्यांचं म्हणणं पटतं. भरतीच्या नदीत खणलं की ती गाळ आणून भरते, हे आमच्या खाडीवरचा कुठलाही तांडेल सांगेल. पण बोटींचा आकार वाढतच चालला आहे आणि त्यांना दारात घ्यायचं असेल तर खणण्याला शेवट नाही.

नदी काय करू शकते ते फेब्रुवारी २०१६ मध्ये दिसलं. सीएससीएल इंडियन ओशन नावाची जवळपास ४०० मीटर लांबीची बोट सुकाणू निकामी होऊन वेडेलच्या पुढे समुद्राच्या बाजूला, ल्युएझांड बेटापाशी रुतून बसली. ओढून निघेना. आधी तिच्यातलं इंधन कमी केलं, आजूबाजूचा गाळ उपसला, आणि सहाव्या दिवशी उधाणाच्या भरतीला बारा टग, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटी, लावून तिला मोकळं केलं. एवढी यंत्रं असूनही शेवटी उधाणाचीच वाट बघावी लागली.

परतताना पलीकडच्या काठावरच्या फिंकनवेर्डरहून ६२ नंबरची फेरीबोट घेतली. शहरातल्या बस-लोकलचंच तिकीट तिला चालतं. बुबेनडाय-उफरजवळ विटांची, घड्याळाचा मनोरा असलेली पायलटांची, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्यांची, इमारत दिसते. समुद्रापासून नदीच्या पायलटांनी आणलेली बोट इथे बंदराचे पायलट ताब्यात घेतात. छोटी लाँच बोटीच्या कुशीला लागते, दोरीची शिडी लोंबत असते आणि माणूस चालत्या बोटीवर चढतो. वाल्टर्सहोफला कंटेनर टर्मिनलांच्या मधोमध खलाशांसाठी डुकडाल्बेन नावाचा क्लब आहे, १९८६ पासून. फोन, इंटरनेट, खेळायची टेबलं, आणि सगळ्या धर्मांसाठी एक प्रार्थनेची खोली. बोट बंदरात एक-दोन दिवसच थांबते, त्यातले काही तास तरी खलाशाला पायाखाली जमीन मिळते.

रात्री मामाला फोन लावला. मामा निवृत्त होईपर्यंत बोटीवर होता, इंजिनरूममध्ये. एल्बेतून तो कितीतरी वेळा वर आला आहे. त्याला विचारलं, वेडेलला वाजणारं राष्ट्रगीत आठवतं का?

“आमच्या कानावर कुठलं येणार गं,” तो म्हणाला. “नदीत शिरलं की आम्ही खाली स्टँडबाय. डेकवरची पोरं सांगायची, असं असं काहीतरी वाजवतात म्हणून.”

मी त्याला सकाळचा व्हिडिओ पाठवला, बोट वळणावरून येण्यापासून शेवटपर्यंत. अर्ध्या तासाने त्याचा उलट फोन आला. गाणं त्याने दोनदा ऐकलं होतं. मग म्हणाला, “नाळेपुढचं, बोटीच्या तोंडापुढचं पाणी बघ. हाफ अहेडवर असणार, अर्ध्या वेगावर. खाली आता, वरून हुकूम येतो त्या टेलिग्राफपाशी एकजण उभा असेल बघ, ऑर्डरची वाट बघत.”