फाइलसिस्टीमवरील ऑब्जेक्ट स्टोरेज आणि छोट्या फाइली : माझा अनुभव

आमच्या कार्यालयातील पावत्यांच्या स्कॅन प्रती आम्हीच लिहिलेल्या एका ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे आलेली प्रत्येक गोष्ट एक ‘ऑब्जेक्ट’ म्हणून साठवणाऱ्या सर्व्हरमध्ये, जातात. हा सर्व्हर ७,२०० आरपीएमच्या साध्या हार्ड डिस्कवर, एक्स्टफोर या लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये, प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतंत्र फाइल करत असे. मोठ्या पीडीएफ झटपट चढत. चार-पाच केबींचे थंबनेल येऊ लागले की मात्र रांग लागे, आणि तेव्हा प्रोसेसर व नेटवर्क दोन्ही जवळजवळ मोकळेच असत.

प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमकडे काय काय मागतो ते दाखवणारे एसट्रेस लावल्यावर कारण दिसले. एका ऑब्जेक्टसाठी तात्पुरती फाइल उघडणे, तीत मजकूर लिहिणे, एफसिंक करणे (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबणे), रिनेमने (नाव बदलून) ती खऱ्या जागी नेणे आणि त्या डिरेक्टरीचेही एफसिंक करणे, एवढे सोपस्कार होते. शिवाय मेटाडेटाची (ऑब्जेक्टविषयीच्या माहितीची) जेसन फाइल वेगळी असल्याने तेच सारे पुन्हा. अशा डिस्कच्या एका फेरीलाच ८.३३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे चार एफसिंकांपुढे चार केबी मजकूर लिहिण्याचा वेळ नगण्यच होता. थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) वाढवल्यावर थोडा फरक पडला, कारण एक्स्टफोरचे जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, एकाच वेळी आलेल्या नोंदी एकत्र कमिट (डिस्कवर पक्क्या) करते. पण तेवढ्याने भागणारे नव्हते.

एफसिंक बंद करण्याची सूचना अर्थातच आली. मी ती मानली नाही, कारण ‘साठवले’ असे उत्तर दिल्यानंतर वीज गेली आणि जागेवर शून्य बाइटची फाइल उरली, तर त्या वेगाला काय अर्थ?

आधी आम्ही मेटाडेटा ऑब्जेक्टच्याच फाइलच्या सुरुवातीला आणला आणि एफसिंक निम्म्यावर आले. मिनआयओ हे ऑब्जेक्ट स्टोरेजचे सॉफ्टवेअरही लहान ऑब्जेक्टचा मजकूर मेटाडेटाच्याच फाइलमध्ये ठेवते. खरा फरक पडला तो फेसबुकने २०१० मध्ये मांडलेल्या हेस्टॅक या फोटो साठवण्याच्या पद्धतीच्या धर्तीवर अनेक छोटे ऑब्जेक्ट एकाच मोठ्या फाइलच्या शेवटी जोडत गेल्यावर. एक एफसिंक चालू असताना आलेल्या विनंत्या साठू द्यायच्या, त्या पुढच्या एकाच एफसिंकमध्ये उरकायच्या आणि मगच सर्वांना उत्तर द्यायचे. वेगळा टायमर नसल्यामुळे एकट्या विनंतीला थांबावे लागत नाही.

याची किंमतही आहे. कोणता ऑब्जेक्ट कुठे सुरू होतो याची सूची सांभाळावी लागते आणि सर्व्हर अचानक बंद पडल्यास चेकसम (मजकूर शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) तपासत ती पुन्हा उभारावी लागते. पुसलेल्या ऑब्जेक्टची जागा आपोआप मोकळी होत नाही, म्हणून रात्री उरलेले ऑब्जेक्ट नव्या फाइलमध्ये हलवले जातात. ६४ केबींहून मोठे ऑब्जेक्ट आम्ही अजूनही स्वतंत्र फाइलमध्येच ठेवतो, कारण ते हलवण्याचा खर्च वाचलेल्या वेळेपेक्षा जड जातो.