तुम्ही विचारलंत म्हणून : चुकलेली शिट्टी भरून काढता का?

दरवर्षी मे महिन्यात डोंबिवलीत आमच्या सोसायट्यांच्या मागच्या रस्त्यावर दोन दिवस थ्री ऑन थ्री बास्केटबॉलची स्पर्धा भरते. शिट्टी माझ्याकडे असते. मानधन म्हणजे एक टी-शर्ट, लागतील तेवढे वडापाव आणि शिव्या. पण "हे फुकट कशाला करता?" असं कोणी विचारत नाही, कारण तिथे सगळेच फुकट राबत असतात. विचारतात ते वेगळंच. सामना संपला की कोणाचा तरी बाप, कधी एखादा कॅप्टन, कधी टेबलवर गुण लिहिणारी मुलगी मला बाजूला घेते आणि हळूच म्हणते, "काकू, एखादी शिट्टी चुकली तर पुढे भरून काढता ना?"

त्यातला तो "ना" मला टोचतो. काढत असणारच, असं धरूनच चालतात लोक. भरून काढायचं म्हणजे काय, तर एका टीमवर उगाच फाउल दिला गेला की जरा वेळाने दुसऱ्या टीमचा बारीकसा धक्काही पकडायचा. फिट्टंफाट. भाजीवाल्याकडे सुटे नसले की तो कोथिंबिरीची जुडी टाकतो, तसं.

एकदा काढली होती मी भरून. तेच सांगायचंय. पण आधी आमच्याकडे शिट्टी कशा परिस्थितीत वाजते ते थोडं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल टीव्हीवर दिसतं तसंच असतं.

थ्री ऑन थ्रीमध्ये रिंग एकच, कोर्ट अर्धं. तीन खेळाडू आत, एक बदली. दहा मिनिटं किंवा २१ गुण, जे आधी होईल ते. रिंगसमोरच्या अर्धगोल रेषेच्या, म्हणजे आर्कच्या, आतून टाकलेल्या बास्केटला एक गुण, बाहेरून टाकलेल्याला दोन. आर्क ६.७५ मीटरचा. आम्ही तो रिंगखाली खिळा ठोकून, त्याला सुतळी बांधून, फक्कीने काढतो. पहिल्या वर्षी सुतळी ताणली गेली आणि आर्क एका बाजूला चांगला वीतभर बाहेर गेला. दोन दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही. आता सुतळीऐवजी केबलची वायर वापरतो. कोपऱ्यात आर्क गटाराच्या झाकणावर जातो, त्याला इलाज नाही.

बॉल हातात आल्यापासून बारा सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. शॉट क्लॉक आमच्याकडे कुठला! तो नसेल तर शेवटचे पाच सेकंद रेफरीने हात लांब करून मोठ्याने मोजायचे, असा नियम आहे. म्हणजे पहिले सात माझ्या मनात. माझ्या भाच्याने एका वर्षी मोबाइलवर सामने घेतले आणि रात्री जेवताना मला माझं मोजणं लावून दाखवलं. पाहुण्या टीमकडे बॉल असताना माझे बारा सेकंद अकरात संपत होते. आमच्या गल्लीतल्या पोरांकडे असताना तेरा, एकदा तर चौदा. देवाशपथ सांगते, मला पत्ताही नव्हता. शिट्टीची चूक निदान ऐकू तरी येते, मोजण्यातली कोणाला ऐकू येणार? तेव्हापासून मोजायला टेबलवर स्टॉपवॉच घेऊन एक मुलगी बसते, तीही पलीकडच्या सोसायटीतली.

जेम्स नेस्मिथने १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, तेव्हा त्याने तेराच नियम लिहिले होते. त्यात दोन पंच आहेत आणि त्यांची वाटणी मला फार आवडते. अंपायरने माणसांकडे बघायचं, रेफरीने बॉलकडे. फाउल अंपायरच्या वहीत. बॉल बाहेर गेला का, गोल झाला का, हे रेफरीकडे. डोकेबाज माणूस. एका माणसाला दोन्ही दिसत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आमच्या रस्त्यावर माणसं, बॉल आणि मधूनच कोर्टात घुसणारी अ‍ॅक्टिव्हा, तिन्ही खाती माझ्याकडे.

माझं माहेर भायखळ्याचं. नागपाडा तिथून चालत जाण्याएवढं. बाबा कधीमधी सामने बघायला न्यायचे. नागपाडा नेबरहुड हाउस १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने उभं केलं. पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालेली शाळा १९३६ साली तिथेच सुरू झाली. पण आम्हाला त्या भागाचं कौतुक एकाच गोष्टीचं, बास्केटबॉलचं. अब्बास मुन्तसिर तिथले, भारताचे कॅप्टन, १९७० सालचा अर्जुन पुरस्कार. बाबा त्यांचं नाव घेताना आवाज उगाच खाली आणायचे. मला मात्र आठवतात ती भिंतीवर बसलेली पोरं. रेफरीच्या तोंडातली शिट्टी वाजायच्या आधी ती "फाउल!" म्हणून ओरडायची, आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं. लोकांना दिसत नाही, हा भ्रम माझा तिथेच गेला होता. निदान मला तसं वाटत होतं.

तर तो सामना. तीन वर्षं झाली. सेमीफायनल, आमची गल्ली विरुद्ध स्टेशनपलीकडची पोरं, १६–१६. आमच्या पोराने उडी मारून शॉट घेतला, समोरच्या उंच पोराने वरून हात आणला आणि मी शिट्टी वाजवली. वाजवता वाजवताच कळलं. हात मनगटावर पडला की "चट" असा आवाज येतो, बॉलवर पडला की "ढप्प". "ढप्प" झालं होतं. कान बरोबर होते, तोंडाने घाई केली. त्यांच्या टीमचा तो सातवा फाउल होता आणि सातव्यापासून दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे कोणी न अडवता टाकायचे एकेका गुणाचे शॉट. दोन्ही आत गेले. १८–१६.

उंच पोराने वाद घातला नाही. नुसता दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

मिनिटभराने तोच पोरगा आर्कबाहेर बॉल घेऊन उभा. त्याच्यासमोर आमच्या गल्लीतला सगळ्यात बुटका, तेव्हा दहावीत होता. बुटक्याने त्याला डावीकडे जाऊ दिलं नाही, उजवीकडे जाऊ दिलं नाही. हात वर, पाय जमिनीवर, स्पर्शसुद्धा नाही. उंच पोरगा अडकला आणि बॉल हातात धरूनच दोन पावलं सरकला. स्वच्छ ट्रॅव्हल, म्हणजे बॉल न आपटता चालण्याची चूक. नागपाड्याच्या त्या भिंतीवरूनसुद्धा दिसला असता. माझ्या तोंडात शिट्टी होती. मी फुंकली नाही. त्याने शॉट टाकला, आत गेला, दोन गुण. १८–१८.

मनात म्हटलं, झालं. दोन दिले, दोन घेतले.

आणि मग माझं लक्ष बुटक्याकडे गेलं. तो ओरडत नव्हता. तो माझ्या हातांकडे बघत होता. ट्रॅव्हलची खूण म्हणजे दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या. त्या आता फिरतील, मग फिरतील, म्हणून वाट बघत होता. माझे हात खालीच.

माझा हिशेब तिथे फसला. अन्याय झाला होता उंच पोरावर आणि तो मी फेडला या पोराच्या खिशातून. त्या पहिल्या शिट्टीत त्याचा काय संबंध? त्याने आयुष्यातला कदाचित सगळ्यात चांगला डिफेन्स केला होता आणि तो मी खाऊन टाकला. गुण टीमच्या नावावर पडतात म्हणून आपल्याला वाटतं की टीमचं टीमला परत करता येतं. चुकीची शिट्टी नेमक्या एका पोराला लागते. भरून काढलेली दुसऱ्याला.

सामना ते स्टेशनपलीकडचे २१–१९ जिंकले. उंच पोरगा बाटली तोंडाला लावत माझ्याजवळ आला. "काकू, तो ट्रॅव्हल होता ना माझा?" मी म्हटलं, "मला दिसला नाही रे." त्याने "बरं" म्हटलं आणि गेला. त्याला कळलं होतं. बुटक्याने काहीच विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. जिन्यात भेटतो, "काकू, पिशवी द्या" म्हणतो, दुसऱ्या मजल्यापर्यंत आणून देतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, काढत नाही. आता आम्ही आमच्या स्पर्धेपुरतं ठरवलंय की शिट्टी चुकली असं मला वाटलं तर पुढचा चेक बॉल (खेळ पुन्हा सुरू करताना समोरच्याने बॉल हातात देणं) व्हायच्या आधी मी तसं मोठ्याने सांगायचं आणि निर्णय फिरवायचा. चेक झाला की विषय संपला. चूक तशीच राहणार, तिच्या नावाने पुढे काही होणार नाही. हे लोकांना आवडतं असं नाही. गेल्या वर्षी मी भर कोर्टात "चुकलं माझं, फाउल नाही" म्हटलं तर एका पोराचे वडील खुर्चीवरून उठले. "दिसत नाही तर शिट्टी घेता कशाला?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तुम्ही घ्या."

परवा त्यांचा फोन आला होता. शिट्टी कुठली आणू, विचारत होते. म्हटलं, फॉक्स ४० घ्या. वाटाण्याची नको, थुंकी साठली की आतला गोळा अडकतो आणि ऐनवेळी नुसती हवा निघते.