तुम्ही विचारलंत म्हणून: भाव, भाडं आणि पाच सुपं

"ताई, गिऱ्हाईक भलत्याच भावात मागतं तेव्हा तुम्ही काय सांगता? आणि कुरिअरचे पैसे किमतीत धरायचे की वेगळे लावायचे?"

आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या बचत गटांतल्या बायका भेटल्या की हे दोन प्रश्न ठरलेले. फोनवर माल विकायला नव्यानं लागलेली प्रत्येक बाई इथेच अडते. मीही अडले होते. दर वेळी घाईत दोन वाक्यं सांगून सुटते, म्हणून आज नीट बसून लिहिते.

मी बांबूची सुपं, रोवळ्या, टोपल्या विकते आणि उन्हाळ्यानंतर थोडी आमसुलं. सुपं मी विणत नाही. आमच्या वाड्यापलीकडची एक मावशी विणते. एक सूप तीनशे पन्नासला. त्यातले २६० मावशीचे, तीसेक रुपये खोका, टेप, प्लॅस्टिक यांचे, उरलेले साठ माझे. ही फोड मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, कारण मागणी आली की पहिला प्रश्न मी स्वतःला हाच विचारते: ह्यातले द्यायला माझे किती आहेत? साठ. मग कुणी "अडीचशेला द्या" म्हणालं तर तो माणूस माझ्याशी भाव करतच नसतो, मावशीच्या मजुरीशी करत असतो. कामट्या काढायच्या, त्या कोयत्यानं तासून सारख्या करायच्या, मग विणायचं, कडा बांधायच्या, यात तिचा अर्ध्याहून जास्त दिवस जातो. तिच्या वतीनं "चालेल" म्हणायचा मला काय अधिकार?

"लास्ट प्राइस काय?" हा मेसेज मला दिवसातून दोनदा तरी येतो. सुरुवातीला राग यायचा, आता येत नाही. भाव करणं आपल्याकडे वाईट मानलेलं नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मीही करते. पण तिथे संध्याकाळी भाव उतरतो त्याला कारण असतं. उरलेला माल परत न्यायचा तर टेम्पोचं भाडं पडतं, भाजी असेल तर ती सुकते. विकणारीचं ओझं गिऱ्हाईक कमी करतं, त्याचे पैसे सुटतात. फोनवरच्या गिऱ्हाइकानं माझं कुठलं ओझं कमी केलं, हे मी बघते. केलं असेल तर भाव नक्की सोडते. नसेल केलं तर सरळ, गोड शब्दांत नाही म्हणते, आणि त्याच मेसेजमध्ये दुसरी वाट दाखवते.

ही दुसरी वाट कशी असते ते एका सुपावरून सांगते. चवथीच्या आधी महिनाभर ठाण्याहून एका बाईंचा मेसेज आला. सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेनं सुपांत वाण भरून गौरीला ओवसायचं, त्यासाठी सूप पाहिजे. "एकच पाठवा, भाडं धरून पाचशेत बसवा." मी टेप घेऊन मोजलं. सूप खोक्यात घातलं की लांबी ५०, रुंदी ४२, उंची १० सेंटिमीटर. आता हे गणित प्रत्येकीनं पाठ करावं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. बहुतेक कुरिअरवाले असंच 'आकारमानाचं वजन' काढतात आणि खरं वजन व हे वजन यांत जे जास्त त्याचे पैसे लावतात. भागायचा आकडा कुणाकडे थोडा वेगळाही असतो, तो आधी विचारून घ्यावा. माझं सूप तराजूवर खोक्यासकट पाऊण किलोसुद्धा नव्हतं. कागदावर निघालं ४.२ किलो. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं ते झालं साडेचार, आणि भाडं १८ टक्के जीएसटी धरून २६० रुपये. म्हणजे सूप ६१० ला पडत होतं. त्या बाई म्हणतात तसं पाचशेत बसवलं असतं तर माझे साठ जाऊन वर पन्नास खिशातून गेले असते.

पण सुपं एकात एक बसतात. मी पाच रचून बघितली. लांबी-रुंदी तीच, उंची फक्त २० झाली. ८.४ किलो, भाडं ४५०. सुपामागे नव्वद! शिवाय पाच खोक्यांऐवजी एकच खोका, म्हणून पॅकिंगचे शंभर रुपये सुटले, ते मी त्यांनाच दिले. पाच सुपं १६५०, भाडं ४५०, एकूण २१००. सूप ४२० ला घरपोच. मी त्यांना ही सगळी बेरीज जशीच्या तशी लिहून पाठवली आणि विचारलं, ओवशाला पाच लागतातच ना, की बाकीची तिकडे घेणार होतात? तासाभरानं उत्तर आलं, पाचही पाठवा. मावशीचा एक रुपया कमी झाला नाही, माझे साठ शाबूत राहिले, आणि बाईंना त्यांनी मागितलेल्या भावाहूनही स्वस्त पडलं.

म्हणून माझं सांगणं असं की किमतीशी झुंजण्याआधी खोक्याशी झुंजा. आमसुलं मी आधी अर्ध्या किलोच्या पाकिटात विकायची. पिशवी, पाकीट धरून वजन ५६० ग्रॅम जायचं आणि साठ ग्रॅमसाठी गिऱ्हाइकाला पुढच्या अर्ध्या किलोचं भाडं पडायचं. आता पाकीट चारशे ग्रॅमचं करते. पॅकिंगसकट ४६० भरतं, पहिल्याच टप्प्यात बसतं.

भाडं किमतीत की वेगळं? माझं उत्तर मालाप्रमाणे बदलतं. आमसुलांचं पाकीट कुठेही पाठवलं तरी भाड्यात फार फरक पडत नाही, म्हणून तिथे ते किमतीतच धरते आणि तसं स्पष्ट लिहिते. सुपांचं भाडं मात्र वेगळंच. ते किमतीत घातलं तर पणजीची बाई दिल्लीच्या बाईचं भाडं भरते, हे मला पटत नाही. त्यात ज्या ॲपवरून विकते तिथे कमिशन विक्रीच्या किमतीवर कापतात. भाडं किमतीत घातलं की कुरिअरच्या पैशांवरही मी कमिशन भरत बसायचं. "फ्री डिलिव्हरी" वाचून गिऱ्हाईक खूश होतं हे मला माहीत आहे. तरीही भाडं दिसू दे. दिसलं तरच दोन शेजारणी मिळून मागवतात. मुंबई-पुण्याला रात्रीच्या खासगी बसनं पार्सल जातं, ते खूपदा स्वस्त पडतं, पण गिऱ्हाइकाला थांब्यावर जाऊन घ्यावं लागतं. तेही मी विचारून बघते.

दोन चुका मी भोगल्या आहेत, त्या तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला तीन टोपल्या घरपोच पैसे घ्यायच्या बोलीवर पाठवल्या. दारात गेल्यावर त्यांनी घेतल्या नाहीत. जायचं भाडं माझं, यायचंही माझं, आणि ऐन पावसात वीस दिवस फिरून आलेल्या टोपल्यांना बुरशी धरलेली. मावशीनं त्या उन्हाची तिरीप येईल तशी हलवत चार दिवस अंगणात ठेवल्या. "बाय, पावसात बांबू कोंडून ठेवू नये गो," एवढंच म्हणाली. तेव्हापासून बांबूच्या मालाला निदान भाड्याचे पैसे आगाऊ घेते, आणि सूप आधी कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून मग बाहेरून प्लॅस्टिक लावते.

दुसरी चूक वजनाची. एका कुरिअरवाल्यानं त्यांच्या गोदामात खोका पुन्हा मोजून माझ्या खात्यातून जादा पैसे कापले, आणि माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता. आता खोका बंद केला की तिन्ही बाजूंना मोजायची टेप लावून फोटो, तराजूवर ठेवून फोटो, मगच तो घराबाहेर जातो.

आणि एक. जो भाव करतो त्याची भीती बाळगू नका. जो काहीच न विचारता लगेच "घेतो" म्हणतो आणि पैसे द्यायला क्यूआर कोड पाठवतो, त्याच्यापासून जपा. आपल्याकडे पैसे येताना कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपले जाणार. आमच्या गटातल्या एका पोरीचे असेच गेले.

भाव मी आपणहून कधी उतरवते? चवथ सरल्यावर. उरलेली सुपं घरात ठेवली तर ओल आणि कीड, दोन्हींचं भय. तेव्हा माझ्या साठातले तीस-चाळीस सोडते. कारण खरं असतं, म्हणून सोडताना जड जात नाही.

परवा दोडामार्गहून एका मुलीचा मेसेज आला. दोन सुपं, एक रोवळी, "काही कमी होईल का?" आमच्यापासून अर्ध्या तासावरचं गाव, पण आमचा पिनकोड ४०३ नं सुरू होतो, तिचा ४१६ नं. कुरिअरच्या हिशेबात ते परराज्य झालं आणि भाडं सुपाच्या किमतीएवढं निघालं. मी तिला लिहिलं, "बाय, शुक्रवारी म्हापशाला येणं होत असेल तर बाजारात मावशी स्वतः बसते, तिच्याकडूनच घे." मुलगी आली. दोन्ही सुपं हातात धरून, फटकून, विणीतून उजेड बघून घेतली आणि रोवळीही. मावशीनं संध्याकाळी मला फोन करून सांगितलं की पोरीनं भाव केलाच नाही.