रडारच्या खोलीत विमानाची तबकडी

ग्वाल्हेरबाहेरच्या टेकडीवरचं जुनं, ओस पडलेलं लष्करी रडार केंद्र आमच्या शेजारच्या ठेकेदारांनी लिलावात भंगार म्हणून घेतलं. खालच्या गावात त्याची ख्याती वाईट. तिथे बकऱ्या मरतात, रात्री खिडकीत हिरवा उजेड दिसतो, जमिनीत ‘किरणं’ मुरलीत. मजूर आत पाऊल टाकेनात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं कोबाल्टचं जुनं उपकरण भंगारात फुटून एक माणूस दगावला होता, ते ठेकेदारांना आठवत होतं. मी कर्करोग रुग्णालयात किरणोत्सर्ग सुरक्षा बघते. म्हणाले, “ताई, तुमचं ते टकटक करणारं यंत्र एकदा फिरवून जा.”

रडारच्या लहरी वीज तोडली की संपतात, मागे काही उरत नाही. हे तिथे कुणाला पटवणं व्यर्थ होतं.

मी आधी टी-आर नळी शोधली. रडारचा एकच अँटेना पाठवतो आणि ऐकतोही. पाठवतानाचा झटका नाजूक रिसीव्हरला जाळू नये म्हणून ही वायूने भरलेली नळी क्षणात पेटून वाट अडवते. ती वेळेवर पेटावी यासाठी जुन्या काही नळ्यांत किंचित कोबाल्ट-६० किंवा रेडियम असं किरणोत्सर्गी द्रव्य घालत. नळीची बैठक रिकामी होती. जाताना काढून नेली असावी, आणि स्क्रू परत आपापल्या भोकांत पिळून ठेवलेले. एवढी शिस्त आमच्या विभागात मी पाहिलेली नाही.

मीटर ओरडलं ते खिडकीच्या कोनाड्याशी. तिथे विमानातला जुना उंचीमापक होता, आकड्यांवर रेडियमचा रंग. मजूर पार फाटकापर्यंत पळाले. हातभर मागे सरकलं की आकडा जवळजवळ नेहमीच्या पातळीवर येत होता. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षं, पण रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड काही दशकांतच निकामी होतं. डोक्यावर काळं कापड घेऊन डोळे सरावेपर्यंत पाहिलं. तबकडी विझलेली होती. म्हणजे हिरवा उजेड तिचा नव्हे. आणि रडारच्या खोलीत विमानाचा उंचीमापक कुणी आणून ठेवला? तबकडी न उघडता डबाबंद केली, अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं.

माझा जीव मात्र रडारच्या मोठ्या नळ्यांच्या पांढऱ्या सिरॅमिक कड्यांत अडकला होता. जास्त शक्तीच्या काही नळ्यांत बेरिलियम ऑक्साइड असतं, कारण ते वीज अडवतं पण उष्णता झटकन वाहून नेतं. अखंड असेल तोवर धोका नाही. फोडलं की धूळ फुफ्फुसात जाते आणि आजार कधी कधी वर्षानुवर्षांनी उमटतो. साध्या ॲल्युमिनाचं कडंही दिसायला तसंच, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. माझं मीटर दोन्हींपुढे गप्प. ‘नळ्या फोडू नयेत, अखंड वेगळ्या ठेवाव्यात’ असं मी लेखी दिलं आणि वाचूनही दाखवलं.

पुढच्या आठवड्यात ठेकेदारांचा फोन. “ताई, काम उरकलं. नळ्यांतून तांबं झकास निघालं. पोरं म्हणाली, मीटर तो वहाँ बोला ही नहीं।”

मी तुकडे ओल्या कापडाने टिपून बंद डब्यात ठेवायला लावले. घण कोणी चालवला, त्यांची नावं मागितली. हजेरीपट नव्हता. दोघे मुरैनाकडचे, एवढंच ठेकेदारांना माहीत. आणि दोघेही आता दुसऱ्या कुणाचं भंगार फोडायला गेलेत.