आत्याची गोष्ट, भाचीचा कॅनव्हास

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध उभा असलेला प्रचंड लाल खडक, उलुरू, त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. भव्य आहे, आयुष्यात एकदा बघायलाच हवं, सूर्यास्ताच्या पार्किंगमध्ये तोबा गर्दी असते आणि हॉटेलांचे दर बघून डोळे पांढरे होतात, बस. मला लिहायचंय ते युएंडुमूबद्दल. ॲलिस स्प्रिंग्सहून तानामी रोडने वायव्येला साधारण 300 किलोमीटर, वार्लपिरी या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव. तिथे वारलुकुरलांगु नावाचं आर्ट सेंटर आहे, 1985 पासून, आणि त्याची मालकी तिथल्या चित्रकारांचीच आहे.

जायचं डोक्यात बसलं ते खरं तर रागाने. सिडनीत एका सुवेनिअर शॉपमध्ये ठिपक्याठिपक्यांचं बूमरँग हातात घेतलं, कुणी रंगवलंय विचारलं तर काउंटरवरच्या मुलाला पत्ता नाही, मागच्या स्टिकरवरही कुणाचं नाव नाही. मग घरी येऊन वाचत बसले तर कळलं की एका कंपनीने इंडोनेशियात बनवलेल्या 18,000 हून जास्त वस्तू ॲबोरिजिनल कला म्हणून खपवल्या होत्या आणि 2019 मध्ये कोर्टाने तिला 23 लाख डॉलर दंड केला. ज्यांची चित्रं आहेत त्यांना त्यातून एक पैसा नाही. आपल्याकडे पडदे, कप, कुर्ते यांच्यावर वारली छापून विकतात तेव्हा पालघरच्या कुठल्या पाड्यात काय पोचतं, तोच प्रश्न. वारलीला 2014 साली जीआय टॅग मिळालाय, पण दुकानात तो विचारतं कोण?

तर युएंडुमू. रस्ता सरळसोट, लाल माती, दोन्ही बाजूला सुकं गवत, मध्ये एक रोडहाउस, बाकी काही नाही. सेंटर म्हणजे चकचकीत गॅलरी नाहीच, पत्र्याची शेड, जमिनीवर रंगांचे थर आणि जिकडेतिकडे कुत्री. खरंच जिकडेतिकडे, पसरलेल्या कॅनव्हासच्या कडेला बिनधास्त झोपलेली. गावातल्या कुत्र्यांच्या औषधपाण्याचा कार्यक्रमसुद्धा सेंटरच चालवतं. व्हॉलंटिअर पोरं कॅनव्हासला बेस कोट मारून देत होती, रंग कालवून छोट्या डब्यांतून आणून देत होती. रंग कोणता हवा ते मात्र चित्र काढणाराच सांगणार.

एका कोपऱ्यात एक आजी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, शेजारी विशीतली एक मुलगी. आजींचा कॅनव्हास लांबलचक, मुलीचा रुमालाएवढा. दोघी एकच गोष्ट काढत होत्या, न्गापा जुकुर्पा, म्हणजे पावसाची, पाण्याची, पूर्वजांपासून चालत आलेली गोष्ट. वादळ त्यांच्या प्रदेशातून कसं गेलं, पाणी कुठे साचलं, जमीन खणली की कुठे पाणी लागतं, असं सगळं. वाहत्या पाण्याच्या वळणदार रेघा, ढगांच्या आखूड जाड पट्ट्या आणि मातीखालच्या पाण्याच्या जागी गोल. काडीचं टोक रंगात बुडवायचं, टेकवायचं, उचलायचं, परत बुडवायचं, प्रत्येक ठिपका मागच्याला चिकटून पण त्याच्यावर न चढता. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे.

मी सेंटरमधल्या बाईंना विचारलं, "ही नात का आजींची?"

"नाही, भाची. भावाची मुलगी. स्वतःच्या मुलीला ही गोष्ट अशी देता येत नाही त्यांना."

मग त्यांनी समजावलं. वार्लपिरी समाजात आठ गट आहेत, प्रत्येकाचं नाव ठरलेलं, पुरुषांचं ज वरून सुरू होतं आणि बायकांचं न वरून. पाण्याची ही गोष्ट जांगाला-नांगाला आणि जाम्पिजिन्पा-नाम्पिजिन्पा या गटांची, आणि मुख्य हक्क बापाकडून येतो. या दोन गटांत बाप एका गटाचा असला की मुलं दुसऱ्या गटाची. आजी नाम्पिजिन्पा, त्यांच्या भावाची मुलगी नांगाला, म्हणजे आत्या आणि भाची दोघी त्या गोष्टीच्या मालक, त्यांना किर्दा म्हणतात. आणि आजींची स्वतःची मुलगी? तिला बापाच्या बाजूच्या गोष्टींचा हक्क, पण आईच्या गोष्टीची ती कुरडुंगुर्लु, राखणदार. गोष्ट बरोबर सांगितली जातेय ना, काही सुटलं नाही ना, हे बघणं तिचं काम.

आणि ती मुलगी आलीच थोड्या वेळाने, पन्नाशीची असेल, कडेवर बाळ. आईच्या कॅनव्हासकडे बघितलं, मग त्या पोरीच्या छोट्या कॅनव्हासकडे बघून ओठांनीच एका जागेकडे इशारा केला आणि वार्लपिरीत दोन वाक्यं बोलली. पोरीने मान डोलावली, काडी पुसली आणि तिथे अजून एक गोल घातला. आजी बोलल्या नाहीत, बघत होत्या फक्त. मला एकदम भरून आलं. आपल्याकडे आत्याबाई म्हटलं की लग्नातले मानपान आणि बारशाला कानात नाव सांगणं. इथे आत्या भाचीला अख्खा प्रदेश सोपवत होती, आणि आत्याचीच लेक तो नीट पोचतोय का ते तपासत होती!

हे सगळं बाजारासाठी सुरू झालेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1984 मध्ये युएंडुमूतल्या पाच वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेचे 30 दरवाजे रंगवले, का तर शाळेत जाणाऱ्या पोरांना इंग्रजी अक्षरांसोबत आपल्या जागांच्या गोष्टीही रोज दिसायला हव्यात. ते दरवाजे आता ॲडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियमकडे आहेत. आणि 1989 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात युएंडुमूच्या लोकांनी जमिनीवर माती-रंगांचं चित्र काढलं होतं, त्याच प्रदर्शनात आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशेही होते. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

मी एक छोटं चित्र घेतलं, शंभर डॉलरच्या आसपास. मागे चित्रकर्तीचं नाव, नंबर, सोबत गोष्टीचा कागद. अशा सेंटरांत किमतीचा साधारण निम्मा किंवा जास्त वाटा चित्रकाराला जातो, उरलेल्यात कॅनव्हास, रंग, पगार आणि गावाची कामं. ॲलिसमध्ये दलाल लोक म्हाताऱ्या चित्रकारांना मोटेलच्या खोलीत बसवून कवडीमोलाने चित्रं काढून घ्यायचे, त्यावर 2007 मध्ये सिनेटचा रिपोर्टही आला. म्हणून म्हणते, घ्यायचंच असेल तर सेंटरकडूनच घ्या, घासाघीस अजिबात नको, मला तर एकाने माझ्यासमोर भाव पाडून मागितला तेव्हा फार संताप आला.

या पैशाने काय होऊ शकतं याचं उदाहरण पापुन्या तुला, 1972 ची चित्रकारांच्याच मालकीची कंपनी. किडनीच्या आजाराने म्हातारी माणसं डायलिसिससाठी शेकडो किलोमीटर लांब ॲलिसला अडकायची, घरापासून, नातवंडांपासून तुटलेली. 2000 साली किंटोर आणि किविरकुरा या वाळवंटातल्या दूरच्या गावांतल्या चित्रकारांनी मिळून मोठी चित्रं काढली, सिडनीत लिलाव झाला, 10 लाख डॉलरहून जास्त जमले आणि त्यातून गावातच डायलिसिस द्यायची सोय उभी राहिली, पर्पल हाउस. आज युएंडुमूतही त्यांचं युनिट आहे. म्हातारं माणूस घरी असलं तरच ना पोरीला सांगणार, इथे अजून एक गोल घाल म्हणून.

जायचं असेल तर आधी फोन करा, फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि गेलेल्या माणसाचं नाव तिथे घेत नाहीत हे लक्षात ठेवा. गावात सुतक असेल तर सगळं बंद असू शकतं. इतक्या लांब येऊन परत जावं लागलं म्हणून कुरकुर करणारे पर्यटक मी ॲलिसमध्ये ऐकले, त्यांना माझं एकच म्हणणं, एक दिवस थांबा नाहीतर पुढच्या वर्षी परत या, ते गाव आपल्यासाठी उघडं ठेवलेलं दुकान नाही.