चकाकणारे पोर्ट

गेल्या जूनमध्ये एक तरुण गिऱ्हाईक मारुती जिप्सीचे १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हचे सिलिंडर हेड (व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनाचा वरचा भाग) गोणपाटात गुंडाळून रबाळे एमआयडीसीतल्या माझ्या मशीन शॉपमध्ये घेऊन आला. रॅलीसाठी बांधलेल्या इंजिनावर हे हेड चढवल्यापासून गाडीची खालची ओढ पार गेली होती आणि वरच्या आरपीएमलाही म्हणावा तसा फायदा दिसत नव्हता. दुसऱ्या कारागिराला त्याने पोर्टिंगचे, म्हणजे हेडमधले हवेचे मार्ग (पोर्ट) घासून सुधारण्याचे, १२,००० रुपये मोजले होते, माझा भाव ३०,००० होता, आणि हा फरक नेमका कशाचा, हे त्याला आधी समजून घ्यायचे होते.

पोर्ट आरशासारखे चकाकत होते. एवढ्या चकाकीसाठी कारागिराने नक्कीच बरेच तास घालवले असणार. परंतु इनटेक पोर्टला, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या मार्गाला, तिचा विशेष उपयोग नसतो, उलट थोड्या खरखरीत पृष्ठभागावर पेट्रोल ओघळून साचत नाही. पोर्टात किती द्रव मावतो ते मोजायला मी पोर्टच्या तोंडावर अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवून ब्युरेटने (मापाच्या नळीने) द्रव सोडला, तेव्हा चार सिलिंडरच्या पोर्टांत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांच्यात सात सीसीचा फरक निघाला. पोर्ट सरसकट मोठे केल्यामुळे हवेचा वेग मंदावला होता, आणि खालची ओढ गेली ती त्यामुळेच.

नंतर हेड फ्लो बेंचवर, म्हणजे त्यातून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर, चढवले. २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर व्हॉल्व्ह एकेक मिलिमीटर उघडत गेलो. सुरुवातीला आकडे बरे वाढले. पुढे मात्र ते जागीच थबकले आणि हवेचा एकसारखा सूं आवाज फाटून त्यात फडफड शिरली. ही फडफड ऐकली की बोट आपोआप पोर्टच्या तळाकडे जाते, जिथे हवा व्हॉल्व्हच्या दिशेने वळते. तिथली गोलाई घासून सपाट केलेली होती, त्यामुळे हवा वळणाला चिकटून न राहता सुटत होती. व्हॉल्व्ह सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कड्याला, तर कोणी हातच लावलेला नव्हता. ठसा पाहायची निळी लावून पाहिली, तेव्हा दोन सीटवर कड्याचा ठसा तुटक उमटला, म्हणजे तिथे व्हॉल्व्ह पुरता टेकत नव्हता.

हे सगळे मी त्याला बेंचशेजारी उभे करून दाखवले. “काका, हेच हेड सुधारता येईल का?” असे त्याने विचारले. घासलेले अ‍ॅल्युमिनियम परत आणायचे तर वेल्डिंग करावे लागते, त्या उष्णतेने सीट सैल होतात, हेड वाकते आणि खर्च नव्या कामाच्या वर जातो. म्हणून मी त्याला जुन्या बाजारातून मूळ स्थितीतले हेड आणायला सांगितले आणि पैसे कुठे घालायचे ते स्पष्ट केले: तीन कोनांचे सीट कटिंग, सीटखालच्या साधारण १२ मिलिमीटर गळ्याची सफाई, नवे गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) आणि प्रत्येक पोर्टची मोजणी. पोर्टचा उरलेला भाग जवळजवळ तसाच ठेवायचा. काम कमी झाल्याने माझा भावही २२,००० वर आला, आणि तो मी मनापासून उतरवला.

तीन आठवड्यांनी घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये न कुंथता चढल्याचे त्याने फोनवर सांगितले. पहिले हेड त्याच्या संमतीने मी बँडसॉवर उभे कापले. एका पोर्टच्या तळाशी, पाण्याच्या जॅकेटपर्यंत (हेड थंड ठेवणारे पाणी फिरते त्या पोकळीपर्यंत) जेमतेम दीड मिलिमीटर धातू उरलेला होता. तो तुकडा आता माझ्या टेबलावर असतो. भाव विचारायला येणाऱ्याच्या हातात मी तोच आधी देतो.